चेंडूमागचं शेपूट

एलसीडी टीव्ही घ्यायला निघालेल्या माणसाने सल्ला विचारला की पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असायचं. रिस्पॉन्स टाइम किती लिहिलाय ते आधी बघा. ५ मिलिसेकंदांचा सेट मिळत असेल तर ८ वाल्याला हात लावू नका. टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात असल्यामुळे माझ्या शब्दाला आमच्या भागात थोडं वजन आहे, आणि हा सल्ला मी मनापासून देत आलो. आता देत नाही. आता सांगतो, तो आकडा सगळ्यात शेवटी बघा. हे मत कसं बदललं ते एकदा नीट मांडायचं होतं, कारण टीव्हीत लोक कष्टाचे पैसे घालतात, आणि घरी आणल्यावर डोळ्याला काही खटकलं तर दाद कुणाकडे मागायची हेच त्यांना कळत नाही.

खटकतं ते बहुतेक वेळा एकच. षटकार मारला की चेंडूमागे शेपूट येतं. कबड्डीत चढाई करणारा वळला की जर्सीवरचा नंबर वाचता येत नाही. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात. आणि जुनी माणसं हटकून सांगतात, आमच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर असं नव्हतं. हे वाक्य मी सवयीच्या गोडीवर टाकून देत असे. आता ते मी अक्षरशः खरं मानतो. त्यांचे डोळे बरोबर होते, आणि कारण साधं भौतिकशास्त्राचं आहे.

माझं जुनं मतही निराधार नव्हतं. एलसीडी पॅनल म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा एक अतिशय पातळ थर. जाडी साधारण ३ ते ५ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या पंधरा-वीसपट जाड असतो. या थरातले लांबुळके रेणू व्होल्टेज दिलं की वळतात, आणि ते किती वळले यावर मागच्या बॅकलाइटचा किती उजेड पुढे येईल ते ठरतं. मेख अशी की रेणू वळवायला व्होल्टेजचा रेटा असतो, पण परत जागेवर येताना त्यांना कुणी ढकलत नाही. ते आपल्या आपण, आपल्या लवचिकपणाने परततात. त्याला लागणारा वेळ द्रवाच्या चिकटपणावर अवलंबून असतो, आणि थराच्या जाडीच्या वर्गावर. थर निम्मा केला तर वेळ चौथा हिस्सा होतो. म्हणून पॅनल बनवणाऱ्यांनी इतकी वर्षं एकेका मायक्रॉनच्या अंशासाठी झगडा केला. थंडीत द्रव घट्ट होतो आणि रेणू सुस्तावतात. निफाडकडच्या जानेवारीतल्या पहाटे सेट लावला तर बॅकलाइटने पॅनल ऊब धरेपर्यंत तो मे महिन्यातल्या इतका चपळ नसतो.

एलसीडी नवे होते तेव्हा छटा बदलायला लागणारा हा वेळ, म्हणजेच रिस्पॉन्स टाइम, सर्रास २० ते २५ मिलिसेकंद असायचा. आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला ५० चित्रांच्या हिशेबाने चालतं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला २० मिलिसेकंद येतात. रेणू वळून पुरते होण्याआधीच पुढचं चित्र दारात उभं. आधीच्या चित्राची सावली पुढच्यावर पडणारच. त्या काळात आकडा पाहून टीव्ही घ्या म्हणणं योग्यच होतं.

पुढे आकडे उतरत गेले. ८ झाले, ५ झाले, मॉनिटरच्या खोक्यांवर तर १ छापून येऊ लागला. इथे माझ्या मनात पहिली शंका आली, कारण तक्रारी त्या प्रमाणात उतरल्या नाहीत. मग हा आकडा मोजतात कसा ते शोधायला लागलो, आणि त्यात बरंच काही सापडलं.

एका पिक्सेलच्या एका रंगाला काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या धरल्या, तर एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचे ६५,२८० प्रकार होतात. प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. काळ्यावरून थेट पांढऱ्यावर उडी मारायला व्होल्टेज भरपूर मिळतं, म्हणून ती उडी पुष्कळदा लवकर होते. गडद राखाडीवरून किंचित कमी गडद राखाडीवर जायचं तर व्होल्टेजचा फरक नगण्य, आणि रेणू रेंगाळतात. खोक्यावर छापलेला आकडा या हजारो बदलांपैकी कुठल्या बदलाचा, ते तिथे लिहिलेलं नसतं. तो सगळ्यांत चपळ बदलाचा असू शकतो. शिवाय मोजणी साधारणपणे बदल १० टक्के झाल्यापासून ९० टक्के होईपर्यंतच करतात. सुरुवातीचा आणि शेवटचा दहावा हिस्सा हिशेबातच नाही, आणि शेवटचा हिस्साच सर्वांत जास्त रेंगाळतो. त्यामुळे एका कंपनीचे ५ आणि दुसरीचे ८ शेजारी मांडून तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

आकडा खाली आणायची एक युक्ती पॅनलला व्होल्टेज कधी, किती द्यायचं ते सांभाळणाऱ्या टी-कॉन बोर्डावर असते. तिला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. जड झोपाळा पटकन हलवायचा तर पहिला झोका जोरात द्यावा लागतो आणि लगेच हात आवरता घ्यावा लागतो, तसंच हे. हव्या त्या छटेला लागणाऱ्या व्होल्टेजपेक्षा क्षणभर जास्त द्यायचं आणि मग बेताचं करायचं. त्यासाठी बोर्ड आधीचं चित्र लक्षात ठेवतो आणि प्रत्येक बदलाला किती धक्का द्यायचा याचा तक्ता बाळगतो. धक्का नीट बसला तर चित्र सुधारतं. जास्त झाला तर पिक्सेल हव्या त्या छटेच्या पुढे जातो आणि हलत्या वस्तूच्या मागे उजळ कड उमटते, जी मूळ चित्रात नसतेच. फक्त छापील आकड्यासाठी ओव्हरड्राइव्ह ताणलं, तर आकडा सुंदर आणि चित्र वाईट, असा सेट तयार होतो. असे सेट मी हाताळलेत.

इतकं कळूनही माझं मत पुरतं फिरलं नव्हतं. मला वाटत होतं, मोजायची पद्धत ढिली आहे एवढंच. खरा रिस्पॉन्स टाइम जाणून घेतला तर शेपटाचा उलगडा होईलच. मत फिरवलं ते ओएलईडी टीव्हीने. त्यात द्रवस्फटिक नाही, बॅकलाइट नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास छटा बदलतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्यावर शेपूट दिसायलाच नको होतं. चांगल्या एलसीडीशेजारी ओएलईडी लावून, दोन्हीवर एकच सामना एकाच वेळी पाहिला. ओएलईडीवर आधीच्या चित्राची सावली नव्हती, कडा स्वच्छ होत्या, पण पळणारा क्षेत्ररक्षक दोन्हीकडे जवळपास सारखाच फरफटलेला दिसत होता. पिक्सेल कितीतरी पट चपळ, तरी फरफट तीच. म्हणजे मुख्य दोषी मी इतके दिवस ज्याला धरत होतो तो नव्हताच.

दोषी कोण, हे कळायला बातम्यांच्या चॅनेलखालची सरकती पट्टी फार उपयोगी पडते. घरी करून पाहावं असं आहे. पट्टी वाचताना नजर अक्षरांबरोबर उजवीकडून डावीकडे सरकते. अशा वेळी शिरोरेषा काळीभोर, रेखीव दिसते. तिच्याखालच्या उभ्या रेघा मात्र, काना, दंड, अक्षराचं पोट, दोन्ही बाजूंना विरलेल्या दिसतात. चाल आडवी असल्यामुळे आडव्या रेघेचं काही बिघडत नाही आणि उभीचं बिघडतं. बारीक टाइप असेल तर ‘व’ आणि ‘ब’, ‘प’ आणि ‘ष’ यांच्यात फरक करणारी पोटातली तिरकी रेघ निघून जाते, आणि आपण शब्द अंदाजाने वाचू लागतो. वयस्क माणसं ‘पट्टी फार पळते’ म्हणतात ते यामुळे.

आता टीव्हीच्या काठावर, पट्टीच्या अगदी खाली, बोट टेकवा आणि नजर बोटाच्या टोकावर खिळवून ठेवा. अक्षरांचा पाठलाग करू नका. ती आता विरघळल्यासारखी न वाटता टप्प्याटप्प्याने पुढे सरकताना जाणवतील. त्यानंतर मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शावर ठेवून पट्टीचा फोटो घ्या. फोटोत कधी बॅकलाइटचे आडवे पट्टे येतात, तिकडे लक्ष देऊ नका. अक्षरं पाहा. ती तुमच्या डोळ्यांना दिसली त्याहून कितीतरी स्वच्छ आलेली असतात. त्यांच्यामागे एखादी फिकट सावली असेल, तेवढा वाटा रिस्पॉन्स टाइमचा. बाकीची फरफट पडद्यावर नव्हतीच. ती तुमच्या डोळ्यांत तयार झाली होती.

ती तयार होते कशी? एलसीडी आणि ओएलईडी दोन्ही चित्र धरून ठेवतात. ५० हर्ट्झच्या प्रसारणात प्रत्येक चित्र पूर्ण २० मिलिसेकंद पडद्यावर जसंच्या तसं उभं असतं, मग एकदम पुढचं येतं. आपला डोळा मात्र चेंडूचा पाठलाग न थांबता करतो. डोळा पुढे सरकतोय आणि चित्र जागेवरच, म्हणून त्या २० मिलिसेकंदांत चित्र आपल्या दृष्टिपटलावर मागे घसरतं. ही घसरण आपल्याला फरफट म्हणून दिसते. हिशेब सोपा आहे. पडद्यावर १९२० उभ्या ओळी असतील आणि चेंडू एका सेकंदात या टोकापासून त्या टोकाला जात असेल, तर एका चित्राच्या वेळात तो ३८ पिक्सेल जातो. तेवढी त्याची फरफट. रिस्पॉन्स टाइम शून्य असला तरी ३८. सामना मोबाइल नेटवरून सेकंदाला २५ चित्रांनी येत असेल, तर एकेक चित्र ४० मिलिसेकंद थांबतं आणि फरफट दुप्पट होते. मग टीव्ही लाखाचा असो की पंधरा हजारांचा.

पिक्चर ट्यूबमध्ये असं का नव्हतं, तेही यातूनच उलगडतं. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावरून ओळीओळीने फिरायचा. झोत ज्या ठिपक्यावर पडला तो क्षणभर लखलखायचा आणि विझायचा. पुढचं चित्र येईपर्यंत ती जागा अंधारीच. डोळ्याला प्रत्येक चित्राचा एक छोटा लखलखाट मिळायचा, घसरायला वेळच नसायचा. त्याची किंमत म्हणजे फडफड. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की जुना टीव्ही लुकलुकायचा तो याचमुळे. पण हलतं चित्र त्यावर रेखीव दिसायचं. एलसीडीने फडफड घालवली आणि तिच्याबरोबर रेखीवपणाही गेला.

हे मला उशिरा कळलं तरी शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेतले ताइइचिरो कुरिता यांनी चित्र धरून ठेवणाऱ्या पडद्यांवर हालचाल का बिघडते, आणि ती कशी सुधारता येईल, यावर २००१ मध्येच शोधनिबंध मांडला होता. त्या वेळी आपल्या बहुतेक घरांत पिक्चर ट्यूबच होती. ज्ञान होतं, पण ते खोक्यावर आलं नाही. खोक्यावर आला तो सुटसुटीत एक आकडा.

आणि द्रवस्फटिकाच्या शास्त्रात आपण परके नाही. नागपूर विद्यापीठातून एम. एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर, सी. व्ही. रामन यांचे भाचे, यांनी १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत सहकाऱ्यांबरोबर चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. पुढे अशाच रेणूंच्या पातळ फिल्मने एलसीडी बाजूने पाहिल्यावर फिका पडण्याचं प्रमाण कमी केलं. रिस्पॉन्स टाइमशी याचा थेट संबंध नाही, पण पॅनल उघडून बसणाऱ्या माणसाला हे नाव ठाऊक असलं पाहिजे असं मला फार वाटतं.

फरफटीवर उपाय दोन. पहिला, पिक्चर ट्यूबसारखं चित्र थोडा वेळच दाखवायचं आणि मधे अंधार करायचा, बॅकलाइट विझवून किंवा मधे काळं चित्र घालून. फरफट खरोखर कमी होते. पण उजेड निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली, आणि ५० हर्ट्झवर फडफड परत दिसू लागते. काहींचं डोकं दुखतं. दुपारच्या उजेडात, दार उघड्या बैठकीत हा उपाय चालत नाही.

दुसरा उपाय, दोन खऱ्या चित्रांच्या मधे टीव्हीने स्वतः एक चित्र तयार करून घालायचं. पॅनल १०० किंवा १२० हर्ट्झचं असेल तर प्रत्येक चित्र निम्माच वेळ थांबतं आणि फरफट निम्मी होते. याला सॅमसंग, सोनी, एलजी प्रत्येकाने आपापलं नाव दिलं आहे. या सोयीच्या मी कडक विरोधात होतो. कुणाच्याही घरी सेट बसवायला गेलो की आधी ही बंद करायचो. सिनेमा त्याने मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, आणि सेकंदाला २४ चित्रांवर रचलेल्या सिनेमाची लय मोडते. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी मुद्दाम व्हिडिओ काढून लोकांना ही बंद करायला सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ आणला, त्यात ही सोय बंदच असते. सिनेमाच्या बाबतीत माझं मत आजही तेच आहे.

सामन्यांच्या आणि बातम्यांच्या बाबतीत मात्र ते बदललं. प्रसारण ५० च्याच हिशेबाने येत असेल, तर १०० हर्ट्झच्या पॅनलचा फायदा घ्यायला मधली चित्रं कुणीतरी घडवावी लागतात. नाहीतर ते पॅनल एकच चित्र दोनदा दाखवतं आणि फरफट जिथल्या तिथे राहते. म्हणून आता मी ही सोय खेळासाठी सुरू ठेवतो, पण अगदी खालच्या पायरीवर. वरच्या पायरीवर चिप फार अंदाज बांधते. गर्दीवरून जाणारा चेंडू मधेच नाहीसा होतो, फलंदाजाच्या पायांभोवती पाण्यासारखं काहीतरी हलतं. खालच्या पायरीवर पट्टीतला काना पुन्हा काना दिसू लागतो. चष्मा लावून बातम्या वाचणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे, आणि माझ्या जुन्या हट्टापायी मी ते त्याच्याकडून काढून घेत होतो.

रिस्पॉन्स टाइम निरर्थक आहे असं म्हणणारी मंडळी आता भेटतात. तिकडेही मी जाणार नाही. व्हीए जातीच्या पॅनलमध्ये काळा रंग उत्तम असतो, पण काळ्यावरून गडद राखाडीवर यायला ते वेळ घेतं. रात्रीच्या दृश्यात काळे केस, काळा कोट मागे काजळी सोडत जातो. ही खरी रिस्पॉन्स टाइमची तक्रार. आयपीएस पॅनलमध्ये ती कमी, पण त्याचा काळा रंग करडा वाटतो. गेम खेळणाऱ्या मुलांचं वेगळं. १२० हर्ट्झवर एका चित्राला ८.३ मिलिसेकंदच मिळतात, तेवढ्यात पिक्सेल बदलून मोकळा झाला पाहिजे. मात्र बटण दाबल्यापासून पडद्यावर गोळी सुटेपर्यंतचा उशीर म्हणजे इनपुट लॅग. ती वेगळी गोष्ट आहे, तिचा रिस्पॉन्स टाइमशी घोळ घालू नये. त्यासाठी सेटमध्ये गेम मोड असतो.

आज कुणी विचारलं तर माझं म्हणणं असं. घरात क्रिकेट, कबड्डी, बातम्या जास्त चालत असतील तर ४के वरून ८के वर जायला पैसे घालू नका. ४के पडद्यावर ३८४० उभ्या ओळी असतात, पण तोच चेंडू तिथे ७७ पिक्सेल फरफटतो. वाढवलेला बारकावा हालचाल सुरू झाली की निघून जातो. ते पैसे खऱ्या १०० किंवा १२० हर्ट्झच्या पॅनलवर घाला. ‘मोशन’ या शब्दापुढे छापलेला मोठा आकडा पॅनलचा नसतो, म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारा की पॅनल स्वतः किती हर्ट्झचं आहे. मालिका आणि सिनेमेच पाहायचे असतील तर ६० हर्ट्झचं चांगलं पॅनल पुरतं.

आणि दुकानात फुलं, डोंगर, संथ समुद्र दाखवणारा जो पेनड्राइव्ह लावलेला असतो, तो काढायला सांगा. त्यात हालचाल नसतेच. बातम्यांचं चॅनेल लावायला सांगा, पाच मिनिटं उभं राहून पट्टी वाचा, एखादा सामना सुरू असेल तर तो पाहा. घरातल्या ज्येष्ठांना बरोबर न्या आणि त्यांना काय दिसतं ते विचारा. ‘शेपूट दिसतं’ असं ते म्हणाले, तर आकडा काहीही असो, तो सेट घेऊ नका.